खोली गावाची, पावती एकाची

मनीऑर्डरच्या फॉर्मवर पैसे पाठवणाऱ्याचा पत्ता लिहायची जागा असायची. गिरणगावातल्या एका पोस्टात मी त्या खिडकीवर बसायला लागले, तेव्हा पहिल्याच पगाराच्या आठवड्यात दिसलं की वेगवेगळ्या आडनावांची माणसं एकच पत्ता लिहितायत. तीच चाळ, तोच मजला, तीच खोली. पैसेही जायचे एकाच गावाला, राजापूर नाहीतर लांजा नाहीतर संगमेश्वर तालुक्यातल्या. शेजारच्या खिडकीवरचा नवा कारकून बाहेरगावचा होता, त्याला यात काहीतरी काळंबेरं वाटलं. मला तसं वाटायचं कारण नव्हतं. माझं सगळं लहानपण अशाच एका खोलीच्या समोरच्या दारात गेलं होतं. आई खाणावळ चालवायची आणि समोरची खोली गावाची होती.

ज्यांनी अशी खोली पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी ती कशी असायची ते सांगते. एका गावच्या पुरुषांनी मिळून घेतलेली दहा बाय बाराची एक खोली. सरकारी बीडीडी चाळीत असली तर जरा मोठी, १६० चौरस फुटांची. कोपऱ्यात मोरी. भिंतींना चारी बाजूंनी खुंट्या आणि खिळे, प्रत्येकाचा खिळा ठरलेला. खिळ्याखाली त्याची पत्र्याची ट्रंक, ट्रंकेवर वळकटी. ग्रामदेवतेची तसबीर, तिच्यापुढे दिवा, तसबिरीच्या मागे खोचलेली वही. खोलीत नावं पंधरा-वीस, कुठे कुठे तीससुद्धा, पण सगळे एका वेळी झोपत नसत. पहिली पाळी सकाळी सातला भरायची, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला. एक उठला की त्याच्या जागेवर दुसरा पाठ टेकायचा. उन्हाळ्यात निम्मे लोक गॅलरीत, जिन्याखाली, फुटपाथवर झोपायला जायचे आणि खोली सामानापुरती उरायची.

समोरच्या खोलीची वही मला चांगली माहीत आहे, कारण मी चौथी-पाचवीत गेल्यावर ती लिहायला मलाच बोलवायचे. खोलीतल्या बऱ्याच जणांना सहीपुरतंच लिहिता यायचं. वहीच्या पहिल्या पानावर नियम होते. दरमहा वर्गणी ठरलेली. काम सुटलं असेल त्याच्याकडे वर्गणी मागायची नाही, काम लागलं की त्याने सवडीने भरायची. दारू पिऊन आला तर दंड. परगावचा माणूस कारभाऱ्याला विचारल्याशिवाय रात्री ठेवायचा नाही. बायको-मुलं आणायची असतील त्याने वेगळी जागा बघायची. महिन्याच्या सभेला न सांगता गैरहजर राहिला तर दंड. आणि गावातून नव्याने आलेल्या पोराला जागा नाही म्हणायचं नाही. या शेवटच्या नियमाला अपवाद झालेला मी कधी पाहिला नाही. खोलीत पाय ठेवायला जागा नसली तरी एक खिळा आणखी ठोकला जायचा.

ही पद्धत कुठून आली याचा शोध घेताना गिरण्यांपाशीच जावं लागतं. कावसजी दावर यांनी ताडदेवला सूतगिरणी काढायचं ठरवलं ते १८५४ साली, आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी, डिलाईल रोड अशी चिमण्यांची रांग लागली. हात लागत होते, आणि ते आले कोकणातून, विशेषतः रत्नागिरीतून, आणि घाटावरून, म्हणजे सातारा, पुणे, नगर, कोल्हापूर या भागांतून. आले ते पुरुष. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईत हजार पुरुषांमागे बायकांची संख्या जेमतेम निम्म्याच्या आसपास होती. याचं कारण सोपं आणि कठोर होतं. गिरणीचा पगार शहरात संसार चालेल एवढा नव्हता आणि गावची जमीन घर चालेल एवढी नव्हती. दोन्ही मिळून एक घर कसंबसं उभं राहायचं. म्हणून बाई शेतावर आणि पुरुष साच्यावर, अशी वाटणी झाली. ती कोणी बसून ठरवली नव्हती, पण तीन-चार पिढ्या टिकली.

शहराने या माणसांच्या राहण्याची सोय उशिरा आणि अपुरी केली. १८९६ मध्ये प्लेग आला, माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, तेव्हा सरकारला दाटीवाटीच्या वस्त्यांची आठवण झाली. १८९८ साली सुधार ट्रस्ट निघाला आणि पुढे बीआयटी चाळी बांधल्या गेल्या. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, विकास खातं निघालं आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे मिळून २०७ बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, मध्ये लांबलचक बोळ. या खोल्या एकेका कुटुंबासाठी म्हणून आखलेल्या होत्या. त्या गावाच्या केल्या त्या राहणाऱ्यांनी.

त्यांना ते करावंच लागलं, आणि त्यामागचं मुख्य कारण बदली कामगार. गिरणीत कायम नसलेला माणूस रोज सकाळी फाटकावर उभा राहायचा. कोणी गैरहजर असेल तर त्या दिवसाचं काम, नाहीतर परत. काम द्यायचं की नाही हे मुकादमाच्या हातात, आणि मुकादमाला खूश ठेवायला पैसे लागायचे. महिन्यातले बारा-पंधरा दिवस काम मिळालं तरी नशीब. अशा माणसाला कुठला मालक स्वतंत्र खोली देणार, आणि दिली तर तो भाडं कुठून भरणार? गावाच्या खोलीत त्याचं भाडं बाकीच्यांनी उचललेलं असायचं. पुढच्या वर्षी तो कायम व्हायचा आणि दुसऱ्या कोणाचं उचलायचा. डोक्यावरचं छप्पर आणि कामाचा खाडा या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींपासून तोडल्या होत्या. या माणसांचं सगळ्यात मोठं कर्तृत्व मला हेच वाटतं, आणि त्याबद्दल त्यांना कोणी कधी शाबासकी दिली नाही.

कोकणच्या बोटीने ही माणसं यायची, त्याच बोटीने गोवेकरही यायचे. मुंबईहून सुटलेली बोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लं करत पणजीला पोचायची. परतीच्या वाटेत होड्या बोटीला लागायच्या आणि माणसं गाठोड्यांसकट वर चढायची. त्याच डेकवर राजापूरचा कुणबी आणि सासष्टीचा ख्रिस्ती तरुण शेजारी शेजारी झोपत मुंबईला उतरत. एक लालबागला जाई, दुसरा धोबीतलावाला. आणि दोघंही आपापल्या गावाच्या खोलीत जात. गोवेकर त्यांच्या खोलीला कूड म्हणत.

कुडी गिरणगावच्या खोल्यांपेक्षा जुन्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्या मुंबईत दिसू लागल्या आणि भरभराटीच्या काळात त्यांची संख्या तीनशेच्या वर गेली होती. धोबीतलाव, सोनापूर, कावेल, माझगाव, डॉकयार्ड हा त्यांचा मुलूख. एका जेर महाल इमारतीतच कितीतरी गावांच्या कुडी होत्या. तिथे राहायचे ते मुख्यतः तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे. पी अँड ओ आणि बीआय कंपनीच्या बोटींवर स्वयंपाकी, स्टुअर्ड, बेकर म्हणून गोवेकरांना मागणी असे. एक सफर संपली की दुसरी मिळेपर्यंत महिनोन् महिने मुंबईत थांबावं लागे, कारण भरती मुंबईत व्हायची. घरी जाऊन बसलं तर नंबर जायचा. त्या मधल्या दिवसांसाठी कूड. बोटीवरचे स्वयंपाकी आणि गिरणीतले बदली यांच्यात हे साम्य होतं: काम आज आहे, उद्याचं माहीत नाही.

माझ्याबरोबर पोस्टात सासष्टीतला एक सहकारी होता, वडील तारवटी. त्याच्या गावच्या कुडीचं फेस्त, म्हणजे पालक संताचा सण, असला की तो आम्हाला बोलवायचा. बायकांना कुडीत राहता येत नसे, पण फेस्ताला जाता येई. जेर महालाचा लाकडी जिना, वर एक लांब दिवाणखान्यासारखी खोली. तिच्या एका टोकाला वेदी, त्यावर गावच्या चर्चचा पालक संत, काचेच्या पेटीत, फुलांनी आणि बल्बच्या माळांनी सजवलेला. दोन्ही भिंतींना ट्रंका. आमच्या समोरच्या खोलीतल्या ट्रंकांसारख्याच, पण यांच्यावर पांढऱ्या रंगाने मालकाचं नाव लिहिलेलं, कोणाकोणाच्या ट्रंकेवर जुन्या बोटीच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. व्हायोलिनच्या साथीने लादाईन झाली, म्हणजे आपल्या आरतीसारखी सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना. मग उकडलेले चणे वाटले आणि मोठ्यांना छोट्या ग्लासातून फेणी.

एक म्हातारे गृहस्थ आपल्या ट्रंकेवर बसले होते. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, राहायचे गावी. मी विचारलं, “मग ट्रंक इथे कशाला?” ते म्हणाले, ट्रंक आहे तोवर मी इथला आहे. मुंबईत डोळ्याच्या दवाखान्यात यायचं झालं, मुलाला बोटीवर चढवायला यायचं झालं, तर कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. वर्गणी थोडीशी, ती ते गावाहून कोणाबरोबर तरी पाठवायचे. ट्रंकेच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांनी एक कागद चिकटवला होता, कुडीच्या नियमांचा. संध्याकाळच्या रोजारला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, हजर राहणं सक्तीचं, जुगार नाही, दारू पिऊन दंगा नाही, अमुक वाजता दिवे बंद. माझ्या लहानपणीच्या वहीतलं पहिलं पान मला दुसऱ्या भाषेत वाचायला मिळालं. आमच्याकडे ग्रामदेवतेचा दिवा होता, त्यांच्याकडे रोजार. गावातून सुटलेल्या तरुणाला शहरात एकटं पडू द्यायचं नाही आणि मोकाटही सुटू द्यायचं नाही, या दोन्ही काळज्या त्या नियमांमध्ये सारख्याच होत्या.

एकत्र राहिल्याने आणखी काय होतं तेही सांगायला हवं. कोकणी रंगभूमीवरचा पहिला तियात्र, ‘इटालियन भुरगो’, गोव्यात नाही, मुंबईत झाला, १७ एप्रिल १८९२ रोजी, न्यू आल्फ्रेड थिएटरात. धोबीतलावाच्या परिसरात पसरलेला गोवेकर कष्टकरी वर्ग हाच पुढे तियात्राचा प्रेक्षक होता. आमच्या परळला दामोदर नाट्यगृहात नमन आणि जाखडीचे प्रयोग रंगायचे, त्यांचं तिकीट खोलीखोलीतून खपायचं, आणि ते पैसे गावच्या शाळेच्या कौलांना, विहिरीला, देवळाच्या सभामंडपाला जायचे. कोकणातल्या कितीतरी शाळांच्या भिंतीवर अजून फरशी आहे, अमुक ग्रामस्थ मंडळ, मुंबई. ती फरशी चाळीतल्या खोलीत बसून ठरलेली आहे.

आता कडू भाग. गावाची खोली म्हणजे सगळ्या गावाची खोली नव्हती. गावात जशा वाड्या वेगळ्या तशा मुंबईत खोल्या वेगळ्या. कुणब्यांची खोली निराळी, मराठ्यांची निराळी, आणि महारांना त्या दोन्हींत जागा नाही. त्यांच्या खोल्या वेगळ्या चाळीत किंवा चाळीच्या वेगळ्या भागात. कुडींमध्येसुद्धा एकाच गावाच्या जातीनुसार दोन कुडी असण्याचे प्रकार होते. ही फाळणी गिरणीपर्यंत पोचलेली होती. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे म्हणून विणकाम खात्यात, म्हणजे जिथे पगार जास्त तिथे, अस्पृश्य कामगारांना घेतलं जात नसे, आणि १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. ते स्वतः १९१२ पासून १९३४ पर्यंत परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांमध्ये राहिले. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. लहानपणी कोणी आम्हाला ती खोली दाखवली नाही, आणि हे कारणाशिवाय नव्हतं. गावाच्या खोलीचं कौतुक करताना ज्यांच्यासाठी तिचं दार बंद होतं त्यांना वगळून बोलणं मला जमणार नाही.

दुसरी गोष्ट बायकांची. बायको गावी शेत ओढायची आणि मनीऑर्डरवर अंगठा उठवायची. फॉर्मच्या खालच्या कुपनावर दोन ओळी मजकूर लिहायला जागा होती, आणि लिहिता न येणाऱ्यांसाठी तो मीच लिहायची. बैलाला पेंड घाल. धाकट्याला ताप होता त्याचं कळव. गणपतीला येतो. त्या दोन ओळींवर महिना निघायचा. पोस्टाने मनीऑर्डर सुरू केली १८८० मध्ये आणि तिची जुनी पद्धत बंद केली २०१५ मध्ये. या एकशे पस्तीस वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या घराघरात जे धान्य शिजलं त्यातलं बरंच त्या फॉर्मवर शिजलं, आणि ते पैसे येईपर्यंत घर चालवलं ते बायकांनी.

इकडे मुंबईत खोलीतल्या पुरुषांना जेवू घालणाऱ्याही बायकाच. माझ्या आईसारख्या. काही खोल्यांत आळीपाळीने स्वयंपाक व्हायचा, पण तीन पाळ्यांत ते जमणं कठीण, म्हणून खाणावळ. वडील गेल्यावर आईने ती सुरू केली. आमच्या दहा बाय बारामध्ये दिवसातून पाच पंगती उठायच्या. पहाटे तीनला स्टो पेटायचा, कारण पहिल्या पाळीवाल्यांचा डबा सहाच्या आत तयार लागे. भाकरी, चपाती, भात, आमटी, सुकटाची चटणी, बाजार बरा असला तर बांगडा, रविवारी मटण. रात्री साडेबाराला दुसऱ्या पाळीचे लोक यायचे, अंगावर कापसाची भुरी घेऊन. त्यांना गरम भात लागायचा आणि आई तो त्यांच्या पावलांचा आवाज आल्यावरच वाफेवरून उतरवायची. मी आणि धाकटा भाऊ माळ्यावर झोपायचो, कारण खाली पाटांची जागा मोकळी ठेवावी लागे.

हिशेब महिन्याचा. जेवण आधी, पैसे दहा तारखेनंतर. म्हणजे महिनाभराचं तांदूळ-पीठ-तेल आईने उधारीवर आणायचं. वाण्याची उधारी भागवायला सावकार, सावकाराचं व्याज भागवायला अंगावरचं सोनं. “मावशी, या वेळचं पुढच्या पगाराला,” असं कोणी म्हटलं की आई “बरं बाबा” म्हणायची आणि रात्री डबे पुसताना बोटांवर काहीतरी मोजत बसायची. गिरणगावात अशा हजारो बायका होत्या. गिरण्या त्यांच्या जिवावर चालत होत्या आणि कुठल्याच हिशेबात त्यांची मजुरी नव्हती.

१९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गोवा मुक्तिलढ्यातून आलेली, कामगार चळवळीत घडलेली ही बाई. खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून तिने राष्ट्रीयीकृत बँकेचं दार ठोठावलं. यांच्याकडे तारण नव्हतं, म्हणून एकीला दुसरीने जामीन राहायचं असं ठरलं. सुरुवात मूठभर बायकांनी केली आणि पाहता पाहता त्यांची संख्या हजारांत गेली. आईला बँकेचं पासबुक मिळालं, त्यावर तिचं स्वतःचं नाव होतं, नवऱ्याचं किंवा दिराचं नाही. तिने ते पासबुक देवघरात ठेवलं होतं. पुढे पुरवबाईंना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्या बायकांनी पेढे वाटले.

मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, आणि तो संप रीतसर कधी संपलाच नाही. खिडकीवर मला दिसलं ते असं: फेब्रुवारीत रांग अर्ध्यावर आली, मार्चमध्ये चार-पाच माणसं, मग कोणीच नाही. उलट एसटीच्या टपावरून गावाकडची तांदळाची पोती खोल्यांमध्ये येऊ लागली. शंभर वर्षं मुंबईने गावाला पोसलं, त्या वर्षी गावाने मुंबईला. बरेच जण गावी गेले. जे राहिले ते गावाच्या खोलीमुळेच राहू शकले, कारण तिथे काम नसलेल्याकडे वर्गणी मागायची नाही हा नियम होता. आईने आधी सहा महिने उधारीवर जेवण घातलं, मग एक वेळचं, मग बंद केलं. तिची जी वही बुडाली ती कोणी कधी फेडली नाही, आणि तिनेही मागितली नाही. ज्यांच्याकडून मागायची ते लोक फुटपाथवर भाजी विकत होते.

संपाने गिरणी मोडली. गावाच्या खोल्या मात्र त्यानंतरही बराच काळ तगल्या, आणि त्या मोडल्या त्या वेगळ्याच कारणाने: भाडेपावतीमुळे.

खोली घेताना कोणा एकाच्या नावावर घ्यावी लागे, कारण चाळमालक पावती माणसाच्या नावे फाडायचा, गावाच्या नावे नाही. पागडी सगळ्यांनी भरलेली, भाडं सगळ्यांचं, नाव एकाचं. बहुधा जो आधी आला, ज्याचं काम कायम होतं, त्याचं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली म्हणून ही खोली गरिबांना परवडत राहिली, हे त्या कायद्याचं मोठं देणं. पण त्याच कायद्यात मालकाच्या परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला तर जागा खाली करून घेता यायची, त्यामुळे वीस जणांचा वाटा कागदावर आणण्याची सोयच नव्हती. वही तसबिरीमागे ठेवायची ती त्यामुळेही. आणि त्याच कायद्यात भाडेकरू मेला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाकडे भाडेहक्क जायचा. कायद्याला कुटुंब कळत होतं, गाव कळत नव्हतं.

पावतीवरचं नाव आजोबांचं होतं तोवर अडचण नव्हती. त्यांना सगळे ओळखत होते आणि गावात त्यांना तोंड दाखवायचं होतं. नातवाच्या वेळी चित्र बदललं. तो विरारला नाहीतर डोंबिवलीला वाढलेला, गावाला शिमग्याला जाणारा. त्याच्या हातात आजोबांच्या नावाची पावती आणि समोर बिल्डरची नोटीस. आमच्या समोरच्या खोलीचंही तसंच झालं. नातू म्हणाला, कागद दाखवा. मंडळाने वही दाखवली. वकील म्हणाला, वहीला अर्थ नाही. पंधरा-वीस घरांची तीन पिढ्यांची वर्गणी त्या वहीत लिहिलेली होती, काही पानांवर माझ्या अक्षरात. मला त्या नातवाला शिव्या द्यायच्या नाहीत. त्याला एका रात्रीत आयुष्यभराची ददात मिटताना दिसत होती. पण अन्याय झाला हे अन्यायच म्हणून सांगितलं पाहिजे.

वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या उंच इमारतींमध्ये २०२५ साली पहिल्या भाडेकरूंना घरांच्या चाव्या मिळाल्या, १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फूट. चाळीतल्या माणसांनी शंभर वर्षं सोसलं, त्यांना हे मिळालंच पाहिजे. पण अशा कुठल्याही योजनेत पावतीवर नाव नसलेल्या वीसजणांसाठी रकाना नसतो. गोवेकरांनी या बाबतीत जास्त शहाणपण दाखवलं असं माझं मत आहे. कूड क्लब म्हणून नावानिशी चालायची, दारावर पाटी, छापील नियम, निवडलेला अध्यक्ष, खजिनदार. इमारती मोडकळीला आल्या, जागेचे भाव चढले, कुडीही पुष्कळ कमी झाल्या. पण जिथे जागा क्लबच्या नावे होती तिथे ती एका माणसाच्या वारसाला खिशात घालून नेता आली नाही. अजूनही काही कुडी चालू आहेत आणि बोटीची वाट बघणारी मुलं तिथे ट्रंकेऐवजी चाकाची बॅग ठेवतात.

माझी भाची बंगळूरच्या एका कंपनीत कामाला आहे. ऑफिसात जावं लागत नाही, लॅपटॉपवर काम. गेली काही वर्षं ती गोव्यात बार्देशात एका मोठ्या जुन्या घरात राहते. तिथे तिच्यासारखी बारा-चौदा मुलं-मुली, कोणी दिल्लीचं, कोणी कोचीचं. खोल्या वेगळ्या, स्वयंपाकघर एक, कामाची मोठी टेबलं ओसरीवर. मी तिच्याकडे राहून आले आणि मला ते घर आवडलं. मुलगी म्हणून तिला तिथे कोणी दाराबाहेर ठेवत नाही, जात कोणी विचारत नाही, भांडी मुलगेही घासतात. माझ्या आईला आणि समोरच्या खोलीतल्या माणसांना हे खरं वाटलं नसतं. या तिन्ही गोष्टींसाठी मी त्या घरावर गावाची खोली ओवाळून टाकीन.

मी तिला एवढंच विचारलं की नोकरी गेली तर काय. ती म्हणाली, “मावशी, महिनाअखेर खोली सोडायची.” घर एका कंपनीचं आहे, भाडं महिन्याचं, आगाऊ. मागच्या वर्षी त्यांच्यातल्या एका मुलाची नोकरी गेली, तेव्हा बाकीच्यांनी वर्गणी काढून त्याचं दोन महिन्यांचं भाडं भरलं. कोणी सांगितलं नव्हतं, आपसांत ठरवलं. मी तिला म्हटलं, हे आता लिहून ठेवा. वर्गणी किती, कोणासाठी, किती दिवस, आणि पुढेमागे घर घेतलंत तर कोणा एकाच्या नावावर घेऊ नका, संस्था करा, सहकारी करा, काय करायचं ते करा, पण सगळ्यांची नावं कागदावर आणा. तिने ते मनावर घेतलं आहे आणि सध्या वकिलाला भेटते आहे.

आणि ज्यांच्या घरात अजून एखादी ट्रंक, मंडळाची वही, वर्गणीच्या पावत्या, दामोदरच्या प्रयोगाची हँडबिलं असतील, त्यांना माझं सांगणं आहे की ती रद्दीत घालू नका. पानांचे फोटो काढा, मूळ वही गावच्या वाचनालयात नाहीतर ग्रंथसंग्रहालयात द्या. गावाच्या खोलीत राहिलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यापाशी बसून खोलीत कोण कोण होतं, कोणाचा खिळा कुठे होता, पावती कोणाच्या नावावर होती, जेवण कोणाकडे होतं आणि कोणाला आत घेत नसत, हे सगळं लिहून घ्या. खाणावळवालीचं नावसुद्धा.